बोट कुजते ती काठावर

कृष्णेकाठच्या गावात पुराची बोट वर्षातून फार तर आठ-दहा दिवस पाण्यात असते. पूर आला नाही तर तेवढीही नाही. बाकीचं वर्ष ती ग्रामपंचायतीच्या मागे, शाळेच्या पटांगणात नाहीतर सोसायटीच्या गोदामाला लागून पडून असते. कोणी तिच्यात सरपण ठेवतं, पोरं खेळतात, कोंबडी अंडी घालते. नदीत जेवढी झीज होत नाही तेवढी या पडून राहण्यात होते, आणि सगळ्यात आधी जातो तो ट्रान्सम, म्हणजे बोटीच्या मागची उभी भिंत, जिच्यावर इंजिन लटकतं. बाहेरून ती चकचकीत दिसते. आत मात्र लाकडाचा भुगा झालेला असतो.

सांगलीत २०१९ साली आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि गावकऱ्यांचे जीव गेले. त्या होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. तिथे दोष ट्रान्समचा नव्हता. पण त्यानंतर नदीकाठच्या अनेक गावांत बोटी आल्या, २०२१ च्या पुरात त्या वापरल्या गेल्या, आणि आता त्या जुन्या होत चालल्या आहेत. त्याआधी गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून ओढा ओलांडणारी गावं ही. काहिलीला कुजण्याची भीती नव्हती एवढं खरं.

तिकडे साताऱ्याच्या बाजूला कोयनेच्या शिवसागर जलाशयावर बामणोली, तापोळा, मुनावळे इथल्या बोटी पर्यटकांना आणि पलीकडच्या गावांतल्या माणसांना घेऊन वर्षभर फिरतात. त्यांचं दुखणं वेगळ्या वेगाने वाढतं, पण उपाय तोच. हा लेख या दोन्हींसाठी आहे: ज्यांच्या गावात बोट पडून आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांचं पोट बोटीवर आहे त्यांच्यासाठी.

भिंतीत काय असतं

नुसत्या फायबरची भिंत इंजिनाचा भार सोसू शकत नाही, ती लवते. म्हणून कारखान्यात दोन फायबरच्या थरांमध्ये दीड ते दोन इंच जाडीचं प्लायवुड घालतात. लाकूड ताठपणा देतं, फायबर पाणी अडवतं. ४० अश्वशक्तीचं दोन-स्ट्रोक इंजिन सत्तर किलोच्या वर भरतं, चार-स्ट्रोक त्याहून जड. पण नुसत्या वजनाचा प्रश्न नाही. पंखा खाली पाण्यात ढकलतो आणि इंजिनाचा शिकंजा वर भिंतीच्या काठाला धरलेला असतो. त्यामुळे थ्रॉटल वाढवला की इंजिन त्या भिंतीला पहारीसारखं उचकटत असतं. लाकूड धड असेपर्यंत हे निभतं. ते कुजलं की सगळा ताण फायबरच्या दोन पातळ पापुद्र्यांवर येतो, आणि भर पुरात, उलट्या प्रवाहात, पूर्ण थ्रॉटलवर भिंत फाटून इंजिन पाण्यात जाऊ शकतं. बोट मग प्रवाहाच्या हवाली.

पाणी आत शिरतं ते भोकांतून. इंजिनाचे बोल्ट, तळाची ड्रेनची नळी, मागे कोणीतरी दोर बांधायला ठोकलेला हूक, आणि भिंतीचा वरचा काठ, जिथे इंजिन काढताना-बसवताना फायबर टवकलेलं असतं. एका स्क्रूच्या भोकातून थेंब थेंब पाणी प्लायच्या थरांत जातं आणि बाहेर यायला वाट नसते.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओल लागते, ऊब लागते आणि हवाही लागते. म्हणून उंबराचं लाकूड विहिरीच्या तळात वर्षानुवर्षं टिकायचं. पूर्ण पाण्याखाली हवा पोचत नाही. अर्धवट ओलं, अर्धवट कोरडं लाकूड मात्र झपाट्याने जातं, आणि काठावर पावसाचं पाणी साठवून उभी असलेली बोट म्हणजे नेमकी तीच अवस्था. सोळा फूट लांब आणि सहा फूट रुंद बोटीत एक इंच पाऊस साचला तरी दोनशे लिटरच्या आसपास पाणी होतं, आणि बोटीचं नाक वर टेकवलेलं असेल तर ते सगळं ट्रान्समच्या पायाशी जमतं. दुसरं असं की आपलं पाणी गोडं आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ही बुरशी सुखाने वाढत नाही. तिथे लाकडाला पोखरणारे किडे असतात, तो त्रास निराळा. कोकणातल्या माणसाने दिलेला सल्ला कोयनेच्या काठी जसाच्या तसा लागू पडत नाही तो यासाठी.

होळी झाली की तपासा

तपासणीला मोठं साधन लागत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने ट्रान्समवर आतून-बाहेरून टकटक करत जा. धड जागी कडक, टणक आवाज येतो. कुजलेल्या जागी तो बसका, मेलेला येतो. खडूने त्या जागेभोवती रेघ मारत जा, म्हणजे दुखणं किती पसरलंय ते डोळ्यांनी दिसेल. तळाकडचे दोन्ही कोपरे आणि ड्रेनच्या नळीभोवतालची जागा जास्त वेळ देऊन बघा.

मग इंजिन बसवलेलं असताना त्याचा खालचा, पंख्याकडचा भाग धरून जोरात पुढे-मागे हलवा आणि दुसऱ्या माणसाला ट्रान्समच्या वरच्या काठाकडे बघायला सांगा. काठ हलताना दिसला तर पुढची चर्चा नको. बोल्टचे वॉशर फायबरमध्ये रुतलेले दिसणं, कोपऱ्यांत जेलकोटला, म्हणजे वरच्या चकचकीत थराला, केसासारख्या चिरा, बोल्ट काढल्यावर भोकातून चहाच्या रंगाचं पाणी गळणं, ही बाकीची लक्षणं. शेवटचं लक्षण दिसलं तर आत रोग जुना आहे असं समजा.

खात्री करायची तर आतल्या बाजूने ५ मिमीच्या ड्रिलने चार-पाच भोकं पाडा: दोन वर, दोन खाली कोपऱ्यांत, एक मध्ये. बाहेरच्या फायबरला भोक पडू देऊ नका. बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण करा. ड्रिलला गुंडाळून येणारा भुसा फिक्या रंगाचा आणि कोरडा असेल तर तिथलं लाकूड ठीक. काळा, ओला, शेणासारखा आला तर गेलं. चांगली निघालेली भोकं त्याच दिवशी एपॉक्सीच्या लगद्याने बुजवा. तपासणीसाठी पाडलेल्या भोकातूनच पुढच्या वर्षी कुजायला सुरुवात झाली, असं होता कामा नये.

ट्रान्सम तपासता तपासता तळातले लांब आडवे पाट आणि ट्रान्समला आतून टेकवलेले त्रिकोणी आधारही टकटकवून घ्या. ट्रान्सम नवा आणि त्याला धरणारे पाट कुजके, अशी दुरुस्ती पैसे वाया घालवते. आणि बोट पूर्वी चौघे उचलायचे ती आता सहा जणांनाही उचलत नाही, असं कोणी म्हणालं तर बाकाखालचा फोम पाणी प्यायला आहे हे नक्की.

आता निर्णय. एकाच बोल्टभोवती तळहाताएवढी जागा मऊ असेल तर तेवढीच कोरून, वाळवून, एपॉक्सीच्या लगद्याने भरता येते. त्याहून जास्त असेल तर पूर्ण लाकूड बदलायचं. मधले मार्ग दोन सांगितले जातात आणि दोन्ही मला पटत नाहीत. पहिला, भोकं पाडून पातळ एपॉक्सी आत ओतायची. ओल्या, कुजक्या लाकडात ती जिरत नाही, वरवर पसरते आणि ओल आत कोंडते. दुसरा आपल्याकडचा आवडता: आतून-बाहेरून लोखंडी पत्रा लावून बोल्टने आवळायचं. पत्र्यामुळे भिंत हलायची थांबते आणि सगळ्यांना बरं वाटतं. आतलं लाकूड मात्र कुजतच राहतं, वर पत्र्याच्या बोल्टची नवी भोकं पडतात. पुढच्या तपासणीत टकटक करायला जागाही उरत नाही. गावच्या बोटीला असा पत्रा दिसला तर तो काढून आत काय आहे ते आधी बघा.

सामान आणि हंगाम

काम मार्च ते मे या काळातच उरकायचं. रेझिनला आणि लाकडाला दोघांनाही कोरडी हवा लागते. कोयनेच्या काठावर जूनच्या मध्यानंतर ही कामं अशक्यच. तिथल्या पावसात आतलं फायबर वाळत नाही, मग नवं लाकूड ओल्यावर चिकटवून काय साधणार? उलट मे महिन्यात शिवसागरचं पाणी उतरलेलं असतं, बोटी तशाही काठावर उघड्या पडतात. पर्यटकांचा हंगाम तोच असल्याने मालक कुरकुरतो हे खरं, पण दोन बोटी असतील तर आळीपाळीने घ्या.

सामानासाठी मुंबई-गोव्याला धावायची गरज नाही. फायबरचं काम सातारा-सांगलीला नवं नाही. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्यांची पाती याच काचतंतूंची आणि रेझिनची असतात. मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत फायबरच्या टाक्या, पत्रे, गाड्यांचे भाग बनवणारे कारागीर मिळतात. मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चटई), रोव्हिंग (काचतंतूंचं जाड विणीचं कापड), रेझिन, हार्डनर तिथून किंवा कोल्हापूर-पुण्याच्या दुकानांतून येतं. टाकी बनवणारा कारागीर बोट दुरुस्त करू शकतो, फक्त त्याला दोन गोष्टी बजावून सांगा: घासणं कमी करायचं नाही, आणि थर मोजूनच द्यायचे.

प्लायवुड घेताना काटकसर नको. आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लायच घ्या. त्याचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासलेला असतो. फर्निचरवाल्याकडचं 'वॉटरप्रूफ' म्हणून मिळणारं आयएस ३०३ चं प्लाय स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक, इथे नाही. १९ मिमीचा आठ बाय चारचा एक ताव घेतला तर पाच बाय दोन फुटांच्या ट्रान्समला लागणारे दोन तुकडे त्यातून निघतात, आणि दोन्ही चिकटवून ३८ मिमी जाडी मिळते. इंजिनाचा शिकंजा ज्या जाडीवर बसत होता तीच जाडी ठेवा. जुना तुकडा मोजून बघा. लाकडाऐवजी घट्ट फोमचे न कुजणारे बोर्डही मिळतात. ते उत्तम, पण महाग आणि मागवावे लागतात. वर्षभर पाण्यात राहणाऱ्या प्रवासी बोटीला तो खर्च परवडण्यासारखा आहे, गावच्या बोटीला मरीन प्लाय पुरे.

रेझिन कोणतं, यावर कारागिरांत वाद होतो. साधं पॉलिएस्टर स्वस्त, पाणी थोडं जास्त पितं. आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर पाण्याला बरं. एपॉक्सी सगळ्यात महाग, पण जुन्या फायबरला आणि लाकडाला ती जशी धरते तशी दुसरी कोणी धरत नाही. माझं मत असं की जमलं तर सगळं काम एपॉक्सीत करावं. खर्च झेपत नसेल तर प्लाय चिकटवणं, लाकडाला पाजणं आणि थर देणं हे सगळं आयसोफ्थॅलिकमध्ये करावं. दोन्हींची सरमिसळ करायची तर एक नियम पाठ असू द्या: वाळलेल्या पॉलिएस्टरवर एपॉक्सी चांगली चिकटते, पण एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट चिकटत नाही. म्हणजे आत एपॉक्सी लावून वर टाकीवाल्याचं पॉलिएस्टर चढवलं की काही महिन्यांत साल निघते. शिवाय नेहमीच्या चुरा-मॅटमधला बांधणारा डिंक पॉलिएस्टर रेझिनमध्ये विरघळेल असा केलेला असतो. एपॉक्सीत तो नीट विरघळत नाही, मॅट कडक राहते. एपॉक्सी वापरणार असाल तर विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या.

वरच्या मापाच्या ट्रान्समला लगदा, लाकूड पाजणं आणि थर मिळून बारा ते पंधरा किलो रेझिन लागेल असा अंदाज धरा. मॅट ४५० ग्रॅमची, रोव्हिंग ६०० ग्रॅमचं.

उघडण्याआधी मोजा

इंजिन, तारा, ड्रेनची नळी काढून बोट सपाट जागी, सावलीत, वाळूच्या पोत्यांवर किंवा जुन्या टायरांवर नीट टेकवा. ट्रान्सम काढल्यावर बोटीच्या दोन्ही बाजू बाहेर फाकतात, म्हणून मागच्या बाजूला कडेला कड धरून आडवा वासा किंवा जाड बांबू पक्का बांधा. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आतून लावून ट्रान्समचा आकार कापून घ्या. मध्यरेषा, वरच्या काठाची तळापासूनची उंची, बोल्टच्या भोकांची जागा आणि भिंतीचा कल, हे सगळं त्या पुठ्ठ्यावर लिहा. इंजिनं साधारण १५ किंवा २० इंच उंचीच्या ट्रान्समसाठी बनतात. काठ एक इंच वर-खाली झाला तर पंखा एकतर हवा खातो, नाहीतर जास्त खोल जाऊन बोट ओढतो.

आमच्याकडच्या उघड्या बोटींना आतून दुरुस्ती करणं सोपं. बाहेरचा थर तसाच राहतो, आकार बिघडत नाही, रंगाचं काम वाचतं. डेकवाली बोट असेल आणि आतून हातच पोचत नसेल तर बाहेरचा थर कापून आत शिरावं लागतं. तत्त्व तेच, फक्त शेवटी बाहेरून घासून गुळगुळीत करण्याचं काम वाढतं.

आतला थर ग्राइंडरने कापताना बाजूंना आणि तळाला दीड-दोन इंचांची पट्टी सोडा आणि पातं फक्त आतल्या थराएवढंच आत जाऊ द्या. मग पटाशी आणि हातोडीने लाकूड काढत जा. कुजलेलं सहज निघतं. जे धड असतं तेच छळतं. तेही काढा. अर्धं जुनं लाकूड ठेवून अर्धं नवं जोडण्याचा मोह टाळा, कारण बुरशी धड दिसणाऱ्या लाकडातही पुढे सरकलेली असते.

काचेची धूळ हा या कामातला खरा शत्रू. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. धुळीचा आणि वासाचा असा दोन्हींचा फिल्टर असलेला मास्क, डोळ्यांना बंद चष्मा, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, हातमोजे. आधी हातांना आणि मानेला टाल्कम पावडर चोळा, काम झाल्यावर थंड पाण्याने धुवा, चोळू नका. ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका, नाहीतर खाज सगळ्या घराला लागते.

उरलेला बाहेरचा थर आतून ३६ किंवा ४० नंबरच्या डिस्कने घासा, चमक जाऊन पांढरट खरखरीत होईपर्यंत. बाजूच्या आणि तळाच्या फायबरवरही जिथवर नवे थर जाणार तिथवर, म्हणजे दहा-बारा इंचांपर्यंत, घासून घ्या. निम्म्या दुरुस्त्या इथेच फसतात. रंग, मेण, शेवाळ यांवर कितीही भारी रेझिन लावलं तरी ते सुटणारच. मग बोट आठवडाभर वाळू द्या. घाई असेल तर पंखा लावा, पण गॅसची बत्ती फायबरवर फिरवू नका. शेवटी स्वच्छ कापडाने ॲसिटोन पुसा.

हार्डनर आणि कोबाल्ट

पॉलिएस्टर रेझिन वापरणार असाल तर हा परिच्छेद मदतनीसांनाही वाचून दाखवा. रेझिन वाळवायला दोन द्रव लागतात: जांभळट रंगाचा कोबाल्ट आणि पाण्यासारखा दिसणारा हार्डनर. हे दोन कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत. मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट नीट ढवळायचा, मग त्यात हार्डनर. दोन्हींचे डबे, मापं आणि काड्याही वेगळ्या. हल्ली पुष्कळ रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेला येतो. दुकानात विचारून घ्या आणि तसं असेल तर पुन्हा घालू नका. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. ताबडतोब किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवायचा आणि दवाखाना गाठायचा. कामाच्या जागी पाण्याचा नळ किंवा भरलेली घागर हवीच.

प्रमाण एक ते दोन टक्के. एक किलो रेझिनला दहा ते वीस ग्रॅम हार्डनर. सांगलीत एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो तेव्हा एक टक्काही जास्त वाटतो, दहा मिनिटांत डब्यात दगड होतो. म्हणून सकाळी लवकर सुरू करा, दहाच्या आत थांबा किंवा उन्हं उतरल्यावर बसा. एका वेळी अर्धा किलोच कालवा, खोल डब्यात नको, पसरट परातीसारख्या भांड्यात. खोल डब्यात उरलेलं रेझिन स्वतःच तापतं, धूर सोडतं. असा डबा मोकळ्या जागी ठेवा, कचऱ्यात टाकू नका. एपॉक्सीचं प्रमाण मात्र डब्यावर लिहिलेलं असतं ते काट्यावर मोजूनच घ्यायचं. लवकर वाळावी म्हणून हार्डनर वाढवला तर ती कायमची चिकट राहते.

लाकूड बसवणं

पुठ्ठ्यावरून प्लायचे दोन तुकडे कापा. कडा थोड्या गोल करा, कारण काचेचं कापड काटकोनात नीट वळत नाही, तिथे हवा राहते. दोन तुकडे एकमेकांना घट्ट लगद्याने चिकटवून वजनाखाली रात्रभर ठेवा. मग सगळ्या बाजूंना, विशेषतः कापलेल्या कडांना, पातळ रेझिन पाजा. कडा ती शोषून घेतात. पुन्हा पाजा, शोषणं थांबेपर्यंत.

बसवण्यासाठीचा लगदा म्हणजे रेझिनमध्ये एरोसिल पावडर आणि थोडा काचेचा चुरा, श्रीखंडाइतका घट्ट. तो बाहेरच्या थरावर आतून दातेरी पट्टीने सगळीकडे फासा, प्लायलाही फासा, आणि लाकूड दाबून बसवा. बाहेरून-आतून जाड पट्ट्या लावून शिकंज्यांनी आवळा. शिकंजे कमी असतील तर जुन्या इंजिनाच्या भोकांतून लांब बोल्ट घालून आवळता येतं; बोल्टला मेण लावा म्हणजे नंतर निघतील. चारही कडांनी लगदा बाहेर आला पाहिजे. एखाद्या बाजूने आला नाही तर आत पोकळी आहे असं समजून काढा आणि पुन्हा फासा. आवळताना एवढंही पिळू नका की सगळा लगदा बाहेर येईल आणि मध्ये काहीच उरणार नाही.

कोरडं झाल्यावर लाकूड आणि बोटीचा तळ, लाकूड आणि बाजू यांच्यातला कोपरा त्याच लगद्याने गोलाई देऊन भरा. चमच्याच्या पाठीने छान गोलाई येते. मग थर: एक मॅट, वर एक रोव्हिंग, ही एक जोडी. २५ ते ४० अश्वशक्तीच्या इंजिनाला अशा तीन जोड्या द्या, म्हणजे पाच-सहा मिलिमीटरचा आतला थर होतो. पहिली जोडी बाजूंवर आणि तळावर सहा इंच चढवा, दुसरी आठ, तिसरी दहा. सगळ्या एकाच रेषेत संपल्या तर तिथेच चीर पडते. एपॉक्सीत मॅट वगळून तेवढ्याच वजनाचं शिवलेलं कापड द्या. रेझिन ब्रशने थोपटत लावा, ओढत नाही. मग लोखंडी रोलर फिरवून हवेचे पांढरे बुडबुडे काढा. मॅटला तिच्या वजनाच्या दुप्पट-सव्वादोनपट रेझिन लागतं, रोव्हिंगला साधारण त्याच्या वजनाएवढंच. जास्त रेझिन म्हणजे जास्त ताकद नव्हे. जास्त रेझिन ठिसूळ असतं.

एकाच दिवसात सगळे थर देता आले तर उत्तम. दुसऱ्या दिवशी पुढे जायचं तर मधल्या पृष्ठभागाची चमक पुन्हा घासून घ्या. एपॉक्सी असेल तर घासण्याआधी पाण्याने धुवा, वर मेणचट पापुद्रा येतो तो जातो. वरचा काठ विसरू नका. जुन्या बोटीत बहुधा तिथेच ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने ठोकलेली असते आणि स्क्रूंनीच पाणी नेलेलं असतं. काठावरून कापडाचे दोन-तीन थर आतून बाहेर असे वळवून घ्या. शेवटी जेलकोट, हवेत तो चिकट राहू नये म्हणून मेणाचं द्रावण घातलेला घ्या.

भोकं

एवढं सगळं करून बोल्टसाठी थेट भोक पाडलंत तर दोन पावसाळ्यांत पुन्हा इथेच याल. १२ मिमीचा बोल्ट बसवायचा असेल तर आधी २० मिमीचं भोक पाडा, ते एपॉक्सीच्या लगद्याने पूर्ण भरा, वाळल्यावर त्याच्या मध्यात १२ चं पाडा. बोल्टभोवती आता एपॉक्सीची नळी झाली. पाणी आलं तरी लाकडाला शिवणार नाही. ड्रेनच्या नळीलाही तसंच. बोल्ट स्टेनलेसचे, आतून मोठे वॉशर किंवा स्टेनलेसची पट्टी, आणि सांध्याला पॉलियुरेथेन सीलंट. बाथरूमचं सिलिकॉन इथे चालत नाही. नुसत्या शिकंज्याच्या हातचाकांवर इंजिन टांगण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती चाकं ढिली होतात, इंजिन सरकतं, काठ टवकतो. दोन बोल्ट घालाच, आणि इंजिनाला सुरक्षादोरही बांधा.

नव्या ट्रान्समला जुन्यापेक्षा मोठं इंजिन लावायचा विचार कोणाच्या तरी मनात येतोच. बोटीच्या पाटीवर लिहिलेल्या अश्वशक्तीच्या पुढे जाऊ नका. लाकूड नवं झालं तरी बाकीची बोट जुनीच आहे.

आठवडाभराने चाचणी घ्या. आधी काठावर इंजिन चढवून तेच पुढे-मागे हलवणं. मग उथळ, संथ पाण्यात, जीवरक्षक जाकीट घालून, दोन माणसांनिशी अर्ध्या थ्रॉटलवर. मग पूर्ण क्षमतेएवढं वजन घेऊन. माणसं नकोत, वाळूची पोती घ्या. परत आल्यावर कोपरे बोटांनी चाचपा, केसाएवढीही चीर दिसली तर तिथे पुन्हा थर. प्रवासी वाहतुकीची बोट असेल तर दुरुस्तीनंतर अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ प्रमाणे लागणारी पाहणी करून घेतल्याशिवाय माणसं बसवू नका. काम चालू असताना लाकडाचे, थरांचे फोटो काढून ठेवलेत तर पाहणी करणाऱ्यालाही दाखवायला काहीतरी असतं.

दुरुस्त केलेली बोट पुन्हा पटांगणात उघडी ठेवायची नाही. शक्य असेल तर पालथी, जमिनीपासून फूटभर उंच. सुलटी ठेवणं भाग असेल तर ड्रेनचं बूच काढून, नाक वर आणि मागचा भाग खाली करून, म्हणजे पाणी साचण्याऐवजी वाहून जाईल. ताडपत्री घाला पण बोटीला चिकटवू नका, मध्ये वासा ठेवून तंबूसारखी ताणा, वारं खेळू द्या. इंजिन काढून आत, वेगळ्या स्टँडवर. काढलेलं बूच इंजिनाच्या हातचाकाला दोरीने बांधून ठेवा. रात्री अकराला पाणी वाढतंय म्हणून बोट काढायची वेळ येते तेव्हा कपाटात बूच शोधायला कोणाला सवड नसते.

एक शेवटचं रबरी बोटींबद्दल. पुराच्या कामाला आलेल्या पुष्कळ बोटी हवा भरायच्या आहेत, आणि त्यांच्याही मागे प्लायवुडचीच फळी असते, रबराच्या खोबणीत चिकटवलेली. ती टकटकवून तपासता येते, बोल्टची भोकंही वर सांगितलं तशी करता येतात. पण पूर्ण फळी बदलायची असेल तर हा उद्योग गावात करू नका. रबर कोणत्या जातीचं आहे त्यावर डिंक ठरतो, आणि चुकीच्या डिंकाचा सांधा हवेच्या दाबाने उकलतो. ती बोट बनवणाऱ्याकडे पाठवा, आणि ती एप्रिलमध्येच पाठवा, कारण जूनमध्ये त्यांच्याकडे सगळ्याच गावांच्या बोटी गेलेल्या असतात.